शेऱ्याचा रकाना

२७ फेब्रुवारी २०११, रविवार

क्लेम डफी म्हणाला, "रोजचं लिहून ठेवत जा. उद्या लोक विचारतील, हे सुरू कुठून झालं, तेव्हा तुझ्याकडं कागद पाहिजे." म्हणून ही वही. एकसष्ट वर्षांत मी डायरी लिहिलेली नाही. लिहिण्याचं काम आमच्यात बहिणीकडं, विनीकडं.

गुरुवारी सरकारनं धुरावरचा कर जाहीर केला. वीज महागणार, खत महागणार. कारण काय, तर जग तापतंय. क्लेमचं ट्रॅक्टरचं दुकान आहे आणि तो जे बोलतो ते आठवड्याभरात सगळं गुरांडी गाव बोलतं. आज तो जेवायला आला होता. मेंढीची अर्धी तंगडी एकट्यानं संपवून म्हणाला, "तुझा बाप रोज तापमान लिहायचा ना रे?"

"बाप लिहायचा. आता विनी लिहिते."

"जुन्या वह्या आहेत?"

"असणारच. विनी काही टाकत नाही."

"चाळीस सालापासूनच्या बघ. माझे वडील सांगायचे, तेव्हा पत्र्यावर अंडं तळून निघायचं."

"तुमचे वडील बरंच काही सांगायचे," बेव म्हणाली. बेव म्हणजे माझी बायको. क्लेम हसला, पण माझ्याकडं बघत राहिला.

१ मार्च

जुन्या घरी जाऊन आलो. गावापासून आठ किलोमीटर. विनी तिथं एकटी राहते. माझी थोरली बहीण, त्र्याहत्तर वर्षांची, लग्न केलं नाही. घरापासून लांब, उघड्या माळावर चार पायांवरची पांढरी पेटी आहे. झडपांच्या भिंती, आत थर्मामीटर. विनी रोज सकाळी नऊ वाजता तिथं चालत जाते, आकडे वहीत लिहिते आणि हवामान खात्याला कळवते. तेराव्या वर्षापासून. नाताळच्या दिवशी सुद्धा. माझ्या लग्नाच्या दिवशी ती चर्चमध्ये उशिरा आली ती यामुळंच. बेव अजून ते काढते.

वह्या मागितल्या तर म्हणाली, "कशाला?"

"क्लेमला बघायच्यात."

"क्लेमला वाचता येतं?"

तरी दिल्या. चौदा वह्या, मेणकापडात गुंडाळलेल्या. १९३७ ते १९५१. बाबांचं अक्षर बारीक आणि सरळ. किमान, कमाल, पाऊस आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात टोळ, धुळीचं वादळ, गारा असं काय काय. मला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ मी ते बघत बसलो. मी दीड वर्षाचा असताना आई गेली. तिच्याबद्दल कुठं काही असेल म्हणून जून एक्कावन्न काढून पाहिला. त्या दिवशीही किमान, कमाल. शेरा कोरा.

५ मार्च

दोन दिवस क्लेमच्या दुकानात, कॉम्प्युटरसमोर. खात्याच्या यादीत आमच्या ठाण्याचे, म्हणजे पेटीचे, जुने आकडे आहेत, पण ते बाबांचे नाहीत. एक्कावन्नच्या आधीचा प्रत्येक महिना दीड अंशानं खाली आणलेला. नंतरचे जसेच्या तसे. म्हणजे पूर्वी जास्त तापत होतं. यांनी ते थंड करून दाखवलं, म्हणजे आताचं आपोआप गरम दिसतं.

क्लेम हळूच म्हणाला, "लायल, तुझ्या बापाला यांनी खोटं पाडलंय."

मला इतका राग यापूर्वी कधी आल्याचं आठवत नाही. बाबा चर्चमध्ये सुद्धा घड्याळ बघून जायचे.

९ मार्च

रेडिओवर बोललो. पहिल्यांदा अडखळलो, नंतर जमलं. दुकानात, बँकेत, पेट्रोल पंपावर लोक हात मिळवायला आले. बत्तीस वर्षं मी या लोकांची मेंढरं लिलावात विकली, तेव्हा कुणी हात मिळवला नव्हता.

संध्याकाळी विनीकडं गेलो. तिनं रेडिओ ऐकला होता. चहा ओतला आणि म्हणाली, "पेटी पूर्वी तिथं नव्हती."

"कुठली पेटी?"

"आपली. माळावर नव्हती. स्वयंपाकघराच्या भिंतीला होती, बाहेरून. पश्चिमेच्या. चुलीच्या धुराड्याला लागून."

मी म्हटलं, शक्य नाही, बाबांना नियम पाठ होते.

"पाठ होतेच. आईला चालवत नव्हतं. काळजाचा आजार, पायाला सूज. दिवसभर खिडकीशी खुर्चीत. तिला काहीतरी काम पाहिजे होतं. मग बाबांनी पेटी भिंतीला ठोकली आणि झडपेला फट केली. आई आतूनच वाचायची, बाबा लिहायचे. अक्षर बाबांचं आहे, नजर आईची."

"आणि मग?"

"मग आई गेली. त्याच आठवड्यात बाबांनी पेटी काढली. मीच दुसऱ्या बाजूनं धरली होती. माळावर नेऊन रोवली आणि मला म्हणाले, उद्यापासून तू."

मी विचारलं, तसं होतं तर शेऱ्यात का नाही लिहिलं. खिळा बदलला तरी बाबा लिहायचे.

"काय लिहायचं?" विनी म्हणाली. "चौदा वर्षं पेटी चुकीच्या जागी होती असं? की बायको मेली असं?"

ती तेव्हा तेरा वर्षांची होती. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माणसाला काहीही आठवू शकतं.

१० मार्च

बेवला सांगितलं. ती म्हणाली, "क्लेमला सांगायची गरज नाही. म्हातारी माणसं स्वतःला गोष्टीत घुसवतात."

क्लेमला सांगितलं नाही.

१५ मार्च

खात्यातून एक मुलगी आली होती, किरिली शॉ. डॉक्टर आहे म्हणे, आकड्यांची. तिचं येणं आधी कळलं होतं, म्हणून बेव विनीला केस कापायला गावात घेऊन गेली. विनीला गर्दी सोसत नाही, प्रश्न तर नाहीतच.

मुलगी सभ्य होती. बुटाला माती लागली तरी तक्रार केली नाही. म्हणाली, "मिस्टर पॅस्को, वडिलांनी आकडे खोटे लिहिले असं कुणीच म्हणत नाही. थर्मामीटरनं जे दाखवलं तेच त्यांनी लिहिलंय. पण जून एक्कावन्नमध्ये एकदम दीड अंश उतरतो. शेजारच्या पाच ठाण्यांवर उतरत नाही. म्हणजे हवा बदलली नाही, इथलं काहीतरी बदललं. पेटी हलवली होती का?"

"नाही."

"कुणाला आठवत असेल?"

"त्या वेळचं कुणी उरलेलं नाही."

हे म्हणताना मला वाटलं, हे मी ठरवून म्हटलं नाही. बाबांबद्दल बोलतोय असं वाटत होतं आणि ते तर उरलेले नाहीतच. तिनं वहीत काहीतरी टिपलं, पेटीपाशी जाऊन झडपांवरून हात फिरवला, जसा घोड्याच्या मानेवरून फिरवतात तसा. जाताना म्हणाली, "इतकी नीट ठेवलेली पेटी मी कुठं पाहिली नाही. कोण बघतं हे?"

"बहीण," मी म्हटलं.

"त्यांना भेटायला आवडलं असतं."

विनी परत आली ती वैतागून. केस फार बारीक कापले होते.

२० मार्च

शनिवारी सभा आमच्याच माळावर. क्लेमची कल्पना. लोकांना पेटी दिसली पाहिजे, वह्या दिसल्या पाहिजेत. व्यासपीठ म्हणून तो लांब ट्रकच आणतोय, पण पेटी बरोबर ट्रकच्या वाटेत. आज विनी चर्चला गेलेली असताना मी आणि क्लेमच्या दुकानातल्या दोघांनी पेटी उचलून पाण्याच्या पत्र्याच्या टाकीशेजारी ठेवली. मोजली, बारा पावलं. आता रस्त्यावरूनही दिसते. टाकीच्या चकाकीपुढं पांढरी पेटी छान उठून दिसते. वर्तमानपत्राचा फोटोवालाही तेच म्हणाला.

२१ मार्च

विनीचा फोन आला. सकाळी नऊ वाजून चार मिनिटं. "पेटी परत ठेव."

"सभा झाली की ठेवतो."

"टाकीचं ऊन तिच्यावर येतंय. खाली सिमेंट आहे."

"विनी, बारा पावलं. बारा पावलांत हवा बदलते का?"

ती म्हणाली, "ठीक आहे. शेऱ्यात लिहिते."

दुपारी जाऊन पाहिलं. खरंच लिहिलं होतं. "पेटी बारा पावलं पूर्वेला, टाकीला लागून. ला. पॅस्को यांनी हलवली." आणि ही वही शनिवारी टेबलावर लोकांसमोर असणार. ती पाठमोरी कोंबड्यांना दाणे घालत होती. मी दाढीच्या पात्यानं ती ओळ खरवडून काढली. कागद थोडा पातळ झाला, पण दिसत नाही. पान घाण दिसू नये एवढंच.

२६ मार्च, शनिवार

पाचशे लोक. कुणी म्हणतं सातशे. सॉसेज दुपारी एकलाच संपले. ट्रकवर फलक होता, "पॅस्कोंच्या वह्या खोटं बोलत नाहीत." मी बोललो. शेवटी म्हटलं, "माझ्या बापाकडं पदवी नव्हती. त्याच्याकडं डोळे होते." लोक उभे राहिले. हे वाक्य मी रात्रभर घोकलं होतं.

मग क्लेमनं मला न विचारताच विनीला पुढं बोलावलं. "साठ वर्षं एक दिवस न चुकवणारी बाई, दोन शब्द ऐकू या." तिनं चर्चचा निळा झगा घातला होता. माईक दोन्ही हातांत धरला, तापलेलं भांडं धरावं तसा. म्हणाली, "आकडे खरे आहेत. पण पेटी एक्कावन्नपर्यंत स्वयंपाकघराच्या भिंतीला होती. आई आजारी होती म्हणून. आणि गेल्या रविवारी ती पुन्हा हलवलीये. तुम्ही सगळे चुकीच्या जागी उभी असलेली पेटी बघताय."

कुणालाच काही कळेना. मग मागून एकजण ओरडला, "खात्यानं काय दिलं गं म्हातारे?" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "नवा दात बसवून दिला असेल." आणखी हसले. विनी तशीच उभी होती. ओरडणाऱ्याकडं बघून म्हणाली, "केविन, तुझ्या आईचं बाळंतपण झालं त्या दिवशी बेचाळीस होतं. तेही लिहिलंय." त्यावर लोक इतके हसले की ट्रक हलला. केविन हसला नाही. त्यानं हातातला सॉसेजचा पाव फेकला. तो तिच्या छातीवर लागला. निळ्या झग्यावर सॉसचा डाग.

क्लेमनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला होता. सगळं माझ्यावर आलं.

मी माईक घेतला. म्हणालो, "कृपा करून असं करू नका. माझी बहीण आहे. गेलं वर्षभर तिच्या डोक्याची तब्येत बरी नाही. आम्ही घरातलं बाहेर बोलत नव्हतो."

हशा थांबला. मग टाळ्या. हळू, आदरानं. दोन बायकांनी विनीला दोन्ही बाजूंनी धरून खाली नेलं. ती वळून माझ्याकडं बघत होती. मी तिला वाचवलं हे तिला कळलं असेल असं मला वाटतं.

२७ मार्च

बेव म्हणते, मी अगदी योग्य बोललो. आणि विचार केला तर ते खरंही आहे. परवा विनी किल्ली कुठं ठेवली ते विसरली होती.

२ एप्रिल

मला आता पुरावाच मिळालाय. विनीनं गेल्या बारा दिवसांत लिहिलेले आकडे मी शेजारच्या गावच्या विमानतळाच्या आकड्यांशी ताडून पाहिले. विमानतळ एकोणतीस, विनी साडेएकतीस. विमानतळ सत्तावीस, विनी एकोणतीस. रोज. पूर्वी कधी अर्ध्या अंशाचा फरक पडायचा नाही. आणि हे सगळं सभेच्या आसपासच सुरू झालंय.

तिला थर्मामीटर वाचता येत नाहीये. साठ वर्षं जे केलं तेच हातून सुटलंय. गाडीत बसून मी रडलो.

४ एप्रिल

सकाळी सव्वानऊला जुन्या घरी गेलो तर विनी पेटीला टेकून जमिनीवर बसलेली. पेटी परत जागेवर न्यायला निघाली होती. एकटी, दोरी बांधून ओढत. तीन पावलं नेली आणि पडली. उजवं मनगट मोडलं होतं, हात कोपरापर्यंत सुजला होता. पहाटेपासून तशीच. मांडीवर वही होती. आजचे आकडे डाव्या हातानं लिहिलेले, लहान पोरांसारखे वेडेवाकडे.

मला बघून म्हणाली, "नऊचं झालंय. आता ने."

तिला दवाखान्यात पोचवलं. क्लेमची माणसं पाठवून पेटी परत टाकीशेजारी सरळ उभी केली.

६ एप्रिल

डॉक्टर ओसेई घानाचे आहेत, दोन वर्षांच्या करारावर इथं आलेले. फार सावकाश बोलतात. त्यांनी विनीची परीक्षा घेतली. तारीख, वार, शंभरातून सात वजा करत जाणं. सगळं बरोबर. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तेही डाव्या हातानं बरोबर काढलं.

बाहेर येऊन मला म्हणाले, "मिस्टर पॅस्को, मला तरी बाई ठीक वाटतात."

मी त्यांना आकड्यांचा तक्ता दाखवला. मग आईच्या भिंतीची गोष्ट सांगितली, चारचौघांत कशी बोलली ते सांगितलं, पहाटे दोरी घेऊन बाहेर पडली ते सांगितलं.

"ती भिंतीची गोष्ट खोटी आहे हे नक्की?"

"मी त्या घरात वाढलो, डॉक्टर."

"मी ती भिंत जाऊन बघू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघण्यासारखं काही नाही, गेल्या वर्षीच रंग दिलाय.

त्यांनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि शेवटी दाखल्यावर सही केली. तीन वर्षांपूर्वी खुब्याच्या ऑपरेशनच्या वेळी विनीनं कागदावर सही केली होती की तिला स्वतःचं बघता येईनासं झालं तर तिच्या वतीनं मी ठरवायचं. तो कागद माझ्याजवळ होता.

१० एप्रिल

विनीला वृद्धाश्रमात ठेवलं. चांगली जागा आहे, बाग आहे. जाताना ती भांडली नाही. गाडीत एवढंच म्हणाली, "स्वयंपाकघराच्या भिंतीचा रंग बाहेरून खरवड. खिडकीच्या डाव्या हाताला. खांद्याएवढ्या उंचीवर. पाच मिनिटं लागतील."

"बरं," मी म्हटलं.

"पाच मिनिटं, लायल."

परत येताना जुन्या घरी थांबलो. बेव आधीच आलेली होती, पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घेत. म्हणाली, हे घर असं रिकामं ठेवणं बरं नाही. मी त्या भिंतीपाशी गेलो होतो. रंग नवा आहे, फिका पिवळा, दोन हात दिलेत. एका आजारी बाईच्या सांगण्यावरून चांगली भिंत खराब करायची?

२५ एप्रिल

सकाळी सैनिकांच्या स्मारकाला जाऊन मग विनीकडं. परिचारिका म्हणाली, बाई रोज नऊच्या सुमाराला अस्वस्थ होतात. काचेच्या दारापाशी जातात, दार हलवतात, बाहेर सोडा म्हणतात. दहापर्यंत शांत होत नाहीत. त्यामुळं आता साडेआठची एक गोळी सुरू केलीय.

गोळीचा उपयोग होतोय. ती खुर्चीत बसली होती. मला ओळखलं. "नऊचं किती?"

"अकरा," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं. या महिन्यात मी चारपाचदाच पेटीकडं गेलोय.

१९ मे

जुन्या घरी विनीच्या नावे पत्र आलं होतं. मी उघडलं, आता तिचं सगळं मीच बघतो. किरिली शॉचं. कुणीतरी तिला सभेत काय झालं ते सांगितलं असावं. लिहिते, "तुमच्या आईबद्दल ऐकलं. आकड्यांत एक पायरी दिसत होती, पण तिचं कारण आम्हाला कधी सापडणार नव्हतं. ते माहीत असणाऱ्या तुम्ही आता एकट्या आहात. तुम्ही दोन ओळी लिहून दिल्यात तर त्या कायमच्या नोंदीत ठेवीन, तुमच्या आणि तुमच्या आईच्या नावानं."

दोनदा वाचलं. उत्तर पाठवलं, "माझी बहीण लिहिण्याच्या स्थितीत नाही." हे तर खरंच आहे. हात अजून प्लास्टरमध्ये.

तिचं पत्र फेकून दिलं नाही. खणात ठेवलंय.

९ नोव्हेंबर

काल कर मंजूर झाला. एवढी सभा, एवढा रेडिओ. निषेधासाठी राजधानीला गेलेल्या बसमध्ये मला जागा सुद्धा मिळाली नव्हती, माझ्या जागेवर क्लेमचा मेहुणा. वह्या मात्र नेल्या होत्या.

क्लेमचा फोन हल्ली येत नाही. त्याच्या डोंगरावर पवनचक्क्या बसवायला एक कंपनी आलीय, तो त्यांच्याशी बोलण्यात गुंतलाय असं ऐकतो. वह्या आज त्याच्या दुकानातल्या माणसानं खोक्यात आणून दिल्या. अकराच आहेत. एकीवर ग्लासचे गोल डाग. विचारलं तर म्हणाला, "एवढ्याच होत्या, काका." एक्कावन्नची आहे का बघितलं. नाही.

१८ डिसेंबर

ऐन उन्हाळ्यात आम्ही जुन्या घरात राहायला आलो. बेवला पडदे आवडलेत. विनीचे कपडे चर्चच्या दुकानात दिले. निळा झगा त्यांनी घेतला नाही, डाग जात नाही म्हणाले.

खात्यानं विचारलंय, ठाणं चालू ठेवणार की बंद करायचं. मी चालू ठेवतो म्हटलं. पॅस्कोंचं नाव आहे.

२५ डिसेंबर

विनीला घरी आणायचं ठरलं होतं, पण परिचारिका म्हणाली, गाडीत बसवण्यासारख्या नाहीत. आम्हीच गेलो. विनीचे डोळे माझ्या मागं, दारावर.

"नऊचं?"

"चौतीस."

तिनं मान हलवली. मग अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "तू बाहेर गेलाच नाहीस."

बेवनं तिच्या तोंडाला पुडिंगचा चमचा लावला.

८ जानेवारी २०१२, रविवार

एकेचाळीस. गुडघा सुजलाय. माळावरच्या उन्हात टाकीपर्यंत जायचं म्हणजे डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि आज तर अर्ध्या वाटेवरून परत आलो. आकडा अंदाजानं लिहिला. मला ते बरं वाटलं नाही. पॅस्को अंदाजानं लिहीत नाहीत.

बेव म्हणाली, "पेटी इथं का नाही लावत? खिडकीतून वाचता येईल. तुझी खुर्ची इथंच असते."

मला सुचलं कसं नाही.

९ जानेवारी

पेटीचे पाय कापले. चांगलं जुनं लाकूड, करवतीला जड गेलं. मग पेटी स्वयंपाकघराच्या भिंतीला बाहेरून लावून जागा ठरवली, खिडकीच्या डाव्या हाताला. आत खुर्चीत बसून पारा दिसतो, झडपेला थोडी फट करावी लागली एवढंच. खांद्याएवढ्या उंचीवर खुणा करून ड्रिल लावलं तर ते सरळ आत गेलं. रंगाखाली आधीचंच भोक होतं, लाकडाच्या खुंटीनं बुजवलेलं. चारही खुणांखाली तसंच. लोखंडी पट्ट्या बरोबर बसल्या, एक सूतही फरक नाही. कुणाचं तरी फळकूट असेल इथं पूर्वी.

जुनी माणसं कामं नीट करायची. नव्यानं भोकं पाडावी लागली असती तर वीट फुटली असती.

बेव चहा घेऊन आली. मी भिंतीशी उभा होतो. म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. बसली नीट."

१० जानेवारी

सकाळी नऊ वाजता खुर्चीत बसून वाचलं. किमान चोवीस. कमाल चव्वेचाळीस. वर्तमानपत्रात विमानतळाची कमाल बेचाळीस दिली आहे. त्यांना आता कोण विचारतो.

खिडकीची काच पुसली. वहीत आकडे लिहिले, बाबांसारखे बारीक आणि सरळ यावेत म्हणून सावकाश. शेऱ्याच्या रकान्यावर पेन थोडा वेळ धरून बसलो. शाईचा एक ठिपका पडला. तो टिपून घेतला.

लिहिण्यासारखं काही नव्हतं.